सरांनी दुरुस्त केलेलं चित्र

मी पारनेर सोडलं तेव्हा चित्रांवर पोट भरतं यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. आज जर्मनीतल्या एका संग्रहालयात आधुनिक चित्रांची प्रदर्शनं मी मांडते, आणि उत्तम मांडते; खोटा विनय मला जमत नाही. माझं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. ते आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांच्या एका जुन्या तैलचित्रावर होतं: तपकिरी पट्टे आणि त्यांवर काळ्या वळणदार रेघा. त्या रेघांत मला दुष्काळाचं मौन दिसलं होतं. यंदाच्या प्रदर्शनाची सगळी भिस्त त्याच चित्रावर होती.

ते न्यायला मी पारनेरला सरांच्या घरी आले. आमच्या कामात चित्र हलवण्याआधी त्यावरचा प्रत्येक तडा, प्रत्येक डाग लिहून ठेवतात, म्हणजे प्रवासात काय बिघडलं ते कळतं. सर शेजारीच बसले होते. मी मोठ्यानं म्हणत लिहीत गेले: उजवीकडे रंग उडालेला, खाली ओलीचा डाग, काळा फिकट. मग मी लाकडी पेटीचं सांगायला सुताराकडे गेले. तासाभरानं परतले, तर सर ब्रश पुसत होते. माझ्या यादीतलं एकेक व्यंग त्यांनी रंगवून काढलं होतं. काळा रंग अजून ओला होता.

माझं डोकंच फिरलं. "सर, काय करून बसलात हे! मूळ चित्र गेलं ना!"

"गेलं कुठं? मीच काढलं हुतं, मीच सुधारलं. चुका तूच दाखवल्यास. मी काय मेलोय व्हय?"

मी ज्यांच्यावर लिहिते ते बहुतेक चित्रकार केव्हाच गेलेत. त्यांतला कुणी उलटून बोलत नाही. मला लाज वाटली, पण रागही गेला नाही. तरी रडत बसायचा माझा स्वभाव नाही. संग्रहालयाला कळवलं: चित्रावर चित्रकाराचा नवा हात फिरलाय, तसंच आणते आहे, जबाबदारी माझी. रंग वाळेपर्यंत मुक्काम वाढवला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी त्यांना विचारलं, "सर, या रेघा कशाच्या?"

"काष्टीच्या बाजारातल्या बैलांची शिंगं हायेत ती. लई गर्दी, लई गलका. तेच काढायचं हुतं." मग त्यांनी टेबलावरच्या माझ्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. "तू काय लिवलंयस? वाच की."

पहिल्याच ओळीत ते दुष्काळाचं मौन होतं. तरी वाचलं, सगळं पान, खणखणीत आवाजात. चूक माझी होती. ती दुसऱ्या कुणी वाचून दाखवण्यापेक्षा मीच वाचलेली बरी.