परतीची नळी

दाजींचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही. जेवताना ते ताट पुढ्यात ओढून घेतात, आणि मी पाण्याचा तांब्या शोधायच्या निमित्तानं दुसरीकडे बघतो. इतकी वर्षं हेच चाललंय.

तेव्हा मी सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर फिटर होतो. दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत उभी, आणि दूध इतकं आटलेलं की केंद्रावरच्या मीटरचं चाक फिरेना. बारीक धारेला ते हलायचंच नाही. शेवटी मीटर काढून ठेवला आणि आम्ही पुन्हा मापानं दूध मोजायला लागलो.

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मालक, चौसाळ्याला हायवेवर गॅरेज चालवायचे. एक जुनी छोटी पेट्रोल गाडी त्यांनी शर्यतीसाठी बांधली होती. सीटं, काचा, जड म्हणून जे असेल ते सगळं काढून टाकलेलं. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, रुमाल पडला की सरळ रेषेत पळवायच्या, एवढीच शर्यत. मैदान दुष्काळानंच दिलं होतं. कोरड्या तलावाचा तळ ट्रॅक्टरमागं फळी बांधून सपाट केला होता.

गाडीला शेवटी-शेवटी धाप लागायची. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनाला पेट्रोल पुरत नसावं, असा दाजींचा अंदाज. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन तापून वितळतो, इंजिन जाम होतं, आणि त्याच्याबरोबर पुढची चाकंही. त्या वेगात चाकं जाम झाली तर आत बसलेल्या माणसाचं काय होईल, यावर आम्ही बोललो नाही. दोघांनाही कळत होतं.

"पुण्याहून मीटर मागवतो," दाजी म्हणाले. "काडेपेटीएवढा आसतोय. इंजिन किती पेट्रोल पितंय ते कळतंय."

"कावून मागवता? आमच्या केंद्रावर पडलाय की. स्टीलचा हाय, लई मजबूत."

"दुधाचा? मंग पेट्रोलवरली साय बी काढून दील का बे?"

"हसा तुमी. बसवून दावतो."

चेअरमनना विचारून मीटर आणला. पेट्रोल चालेल असे रबरी वायसर घातले. आधी तो कार्बोरेटरच्या अगदी तोंडाशी बसवला, कारण इंजिनात जाणारं पेट्रोल तिथूनच जातं. इंजिन चालू केलं. चाक ढिम्म. मीटर मोठा, धार बारीक. केंद्रावर दुधाचं जे झालं होतं तेच. तेव्हाच तो काढून पुण्याचा मागवायला हवा होता. पण दाजी मिशीत हसत होते, आणि मला ते सोसलं नाही.

मी मीटर मागं, टाकीजवळच्या पंपापाशी नेला. तिथं धार जोरात होती. चाक भिरभिरलं, काटा वर चढला. "फिटर लई भारी!" म्हणून दाजींनी पाठीत धपका घातला. आमच्या केंद्रात मीटरमधून गेलेलं दूध परत फिरत नाही. गेलं ते जमा. माझं डोकं तेवढंच चाललं.

आदल्या दिवशी ताई टँकरचं पाणी घागरीत ओतून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "भरवशाचं हाय ना रे ते तुझं?"

"हाय, ताई."

"मंग जाऊ दे त्यांना. मी तुझ्यावर सोडलंय."

शर्यतीच्या सकाळी कुठं गळतंय का म्हणून मी गाडीखाली सरकलो. इंजिन चालू होतं. हात चुकून दुसऱ्याच नळीवर पडला. इंजिनाला देऊन उरलेलं पेट्रोल टाकीत परत आणणारी ती नळी. ती हाताखाली धडधडत होती. पंपानं पाठवलेल्यातलं कितीतरी त्या वाटेनं परत येत होतं, आणि माझा मीटर ते सगळं इंजिनाच्या नावावर मांडत होता.

बाहेर आलो. सगळा तलाव माणसांनी भरलेला. संघातले लोक आलेले, चेअरमनही. दाजी हेल्मेटचा पट्टा आवळत होते.

"पुरतंय ना रे पेट्रोल?"

"मीटर तर दावतोय," मी म्हणालो.

शब्दाला शब्द धरला तर ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला अजून टोचतं.

रुमाल पडला. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. गाडी सुटली, धुरळा उठला. मी नुसता आवाज ऐकत होतो. तो चढत गेला, मग बारीक झाला, चिरका झाला. 'सोडा दाजी, पाय काढा,' असं मी ओठातल्या ओठात म्हणत होतो. मग आवाज एकदम तुटला. धुरळ्यात गाडी आडवी झाली आणि कलंडत गेली.

बीडच्या दवाखान्यात जीव वाचला, हात मात्र वाकडाच राहिला. इंजिन खोललं तेव्हा पिस्टनला भोक पडलेलं होतं. दाजींनी तो पिस्टन डाव्या हातात धरून न्याहाळला. "पेट्रोल तर पुरत होतं. मंग ठिणगीचं टायमिंग मीच चुकवलं आसंल." मी मान हलवली. त्यानंतर त्यांनी स्वतः इंजिन बांधलं नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचे, माझ्या हातावर भरवसा ठेवू नका. मी शेजारी बसून ऐकायचो.

गेल्या महिन्यात गॅरेजात आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं. मीटर कुठं बसवला, ताईला काय शब्द दिला, नळीवर हात कसा पडला, सगळं. दाजी पाना पुसत राहिले. पुसून झालेला पाना पुन्हा पुसला.

"म्हंजी टायमिंग बरोबर होतं माझं?"

"बरोबर होतं."

त्यांनी पाना ठेवला. वाकडा कोपर दुसऱ्या हातात धरला. मला वाटलं, आता शिवी येईल. यावी असंही वाटलं.

"ताईला सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग इथं कावून बसलास? तुझ्यावर तिनं सोडलं होतं. मी न्हाई."

घर गॅरेजच्या मागंच आहे. स्वयंपाकघराच्या दारात मी चप्पल काढली. ताई भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "बस की, जेवूनच जा."

"आधी बोलायचंय, ताई," मी म्हणालो. तिचा हात परातीवर थांबला.