ओल्या सोमवारची पोलीसबाई

लेओकादिया स्कोव्रोनची उंची बेताची, आणि हसू आवरायची ताकद त्याहून बेताची. कापडगिरणी सोडून ती पोलंडमधल्या वूच शहराच्या नव्याकोऱ्या महिला पोलिसांत शिरली, त्याला सहा महिने होत आले होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठाण्याचे मार्चाकसाहेब आज ठरवणार होते. आणि आज होता नेमका ईस्टरचा सोमवार! या दिवशी पोरं दिसेल त्या तरुणीवर पाणी ओततात, आणि जी कोरडी राहील तिची वर्षभर कीव केली जाते.

"वर्दीवर थेंब पडला, तर सरळ गिरणीचा रस्ता धरायचा," साहेबांनी बजावलं.

बाई गस्तीला निघाली. बादल्या उचलल्या जात, वर्दी दिसली की मुकाट खाली ठेवल्या जात. खिडकीतली एक म्हातारी हळहळली, "अगं बाई, हिला कुणीच विचारत नाही का गं?" लेओकादियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाजारापाशी एका तरुणीने तिचा दंड धरला. "ताई, चौकापलीकडे सोडा ना. मेले भिजवतील मला!"

लेओकादिया चक्रावली. आज न भिजण्यासाठी कोण धडपडतं? तिने नीट न्याहाळलं. मान काडीसारखी, कंबर पिंपाएवढी! शनिवारीच रेशमाचं दुकान फुटलं होतं.

"ठाण्यात चल जरा," असं म्हणताच तरुणीने हिसडा दिला आणि गळा काढला. झालं, गर्दी लोटली. "सोडा तिला! सणासुदीला तरी गरिबाला छळू नका!" चार हात तिला सोडवू लागले. एक क्षण लेओकादियाच्या डोळ्यांपुढे गिरणीचं फाटक उभं राहिलं. मग ती खच्चून ओरडली, "पोरांनो, ओता! आम्हा दोघींवर!"

पोरं याचीच वाट बघत होती. तरुणीच्या झग्याखालून चोरीच्या रेशमाच्या रंगांचे लाल, निळे, जांभळे ओघळ रस्त्यावर धावले, आणि सोडवणारे हात आपोआप मागे सरले.

ठाण्यात साहेबांनी निथळत्या वर्दीकडे पाहिलं. "मी काय सांगितलं होतं?"

"कुणाची हिंमतच होईना, साहेब. शेवटी मलाच हुकूम सोडावा लागला."

"आणि ऐकला?"

"पहिल्या हाकेत. आठ बादल्या!"

साहेबांनी नेमणुकीचा कागद पुढे ओढला. "वीस वर्षं झाली. माझं अजून कुणी पहिल्या हाकेत ऐकलेलं नाही," ते पुटपुटले आणि त्यांनी सही ठोकली.