नावाचा अल्बम आणि बिननावाचा

माझ्या धाकट्या जावेचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. "बाई, प्रशिक गेला," एवढंच ती बोलली. मी शेंगांची टोपली बाजूला सारली, चप्पल घातली आणि रिक्षा केली. रडले नाही. तिचा पोरगा रक्ताचं दुखणं, सिकलसेल, घेऊनच जन्मला होता. हे दुखणं आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे ते कुठवर नेतं हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. तरी माहीत असणं वेगळं आणि फोन येणं वेगळं...

प्रशिक हिंगण्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कामाला होता आणि उरलेल्या वेळात रॅप गायचा. त्याचे दोन अल्बम झाले. तो गेल्यावरच्या जलदान विधीच्या आदल्या दिवशी त्याचे मित्र घरी आले. बुद्धवंदना झाली की त्याच्याच आवाजातलं एक गाणं लावायचं, असं सगळ्यांच्या मनात होतं. पण ते कोणत्या अल्बममधलं, यावर घरात दोन तट पडले. मित्र म्हणाले, दुसऱ्यातलं. मीही तेच म्हटलं. सुनंदा म्हणाली, पहिल्यातलं लावा, नाहीतर काहीच लावू नका, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पहिल्याचं नाव 'नाम सुन'. सगळा हिंदीत. जरीपटका भागात अंकुश नावाच्या मित्राच्या खोलीत, खिडकीला गादी टेकवून त्यांनी तो रेकॉर्ड केला होता. प्रशिकनं मला मोबाइलवर ऐकवला. नुसती आदळआपट, आणि दर दोन ओळींनी 'प्रशिक, प्रशिक'.

"काहून रे, शाळेत हजेरी देऊन राहिला का?" मी विचारलं.

"मोठी माय, रॅपमध्ये असंच असते. नाव गाजवा लागते."

"तुह्या मोठ्या बाबाची गायन पार्टी होती. शेवटच्या कडव्यात एकदा नाव टाकत. पहिले गाणं, मंग गाणारा."

"अन् लोकं मधातच उठून गेले तं?"

"तं तुहं नाव घरी नेऊन का लोणचं घालतीन?"

तो खो खो हसला. मी तोंडाची फटकळ. माझ्याकडे हौसेनं दुसऱ्यांदा येणारी माणसं थोडी, पण हा येत राहिला. मोठ्या बाबांची, म्हणजे माझ्या मालकांची, गाणी मला पाठ होती. मी म्हणायची, तो मांडीवर ठेका धरायचा आणि कुठे श्वास घ्यायचा ते पाहायचा. मालक गेल्यापासून ती गाणी मला कोणी म्हणायलाच सांगितली नव्हती. प्रशिकनं सांगितली. याबद्दल मी त्याला कधी काही बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

दुसरा अल्बम आला 'पिशवी'. हा आमच्या बोलीत. त्याला वरचेवर रक्त चढवावं लागायचं, त्या रक्ताच्या पिशवीवर त्यातलं त्याच नावाचं गाणं. 'पिशवीवर गट होता, गाव नव्हतं. कोण्या जातीचं होतं, रक्त बोललं नव्हतं.' पहिल्यात तो धावतो, यात चालतो. मधे मधे त्याला दम लागलेला ऐकू येतो. अंकुश ते काढून टाकणार होता, पण प्रशिक म्हणाला, राहू दे, तेही माझंच आहे. शेवटचं कडवं आलं तशी मी कान देऊन बसले, की आता नाव येईल. ठेका चालू राहिला, तो मात्र गप्प. गाणं संपलं.

"अन् नाव?"

"ज्याईनं रक्त देल्लं त्याईचं नाव मले ठाऊक नाही, मोठी माय. मंग माहं कसं घेऊ?"

मी उठले आणि त्याच्या ताटात आणखी वांग्याची भाजी वाढली. मला कौतुक करता येतं ते एवढंच.

म्हणून त्या दिवशी मी सुनंदाजवळ जाऊन बसले. म्हटलं, "'पिशवी' लाव वं. लेकरानं जे कमावलं ते त्याच्यात आहे."

"असन," ती भिंतीकडे पाहतच म्हणाली. "पण त्याच्यात माह्या पोराचं नाव नाही, बाई. आता त्याचं नाव त्याच्या तोंडून मी कुठं ऐकू?"

अंकुशनं मान खाली घातली. मी अंकुशला म्हटलं, "पहिला लाव गा."

दुसऱ्या दिवशी मांडवात वंदना झाली आणि फाटक्या आवाजाच्या स्पीकरवर प्रशिक आपलंच नाव घेत सुटला. म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. दोन पोरं हसली. सुनंदा मात्र पाठ ताठ करून बसली होती, दारात पोरगा उभा असल्यासारखी.

दुसराच अल्बम चांगला, हे मी आजही म्हणते. पहिल्यात त्याला स्वतःखेरीज कोणी दिसत नव्हतं, दुसऱ्यात त्याला न पाहिलेली माणसंही दिसली. कोणी विचारलं तर मी दुसराच ऐकायला सांगेन. त्या रक्त देणाऱ्यांचे उपकार तर मी कुठे जाऊन फेडू... त्यांच्यामुळे पोरगा दुसऱ्या अल्बमपर्यंत पोचला.

पण संध्याकाळी मी जावेकडे जाते तेव्हा ती कणीक मळता मळता फळीवरचा मोबाइल लावते, आणि वाजतो तो पहिलाच. तो ओरडतो, 'प्रशिक!' ती मान वर न करता म्हणते, "हो रे, ऐकलं." दोन ओळींनी तो पुन्हा ओरडतो, ती पुन्हा म्हणते, "हो रे." मी पोळ्या लाटत राहते. माझं ऐकून त्यानं तेव्हाच नाव शेवटी टाकलं असतं, तर या बाईला सबंध गाण्यात एकदाच 'हो' म्हणता आलं असतं. नाही ऐकलं त्यानं, बरं केलं. पोळ्या होतात, अल्बम संपतो, आणि सुनंदा कणकेच्या बोटानं तो पुन्हा पहिल्यापासून लावते.