रंगुबाईंचं बोट

रंगुबाई आमच्या गल्लीतल्या तान्ह्या बाळांना न्हाऊ घालतात. मूळच्या नेवाशाकडच्या. आंघोळ झाली की सहाणेवर गुटी उगाळायची, आधी स्वतः चाखायची आणि त्याच बोटानं बाळाला चाटवायची. "लई कडू झाली तर लेकरू तोंड फिरवतंय," हे त्यांचं कारण.

आमचा नातू नोहा सात महिन्यांचा. परवा त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. "दात येत्यात, दुसरं काय न्हाई," रंगुबाई म्हणाल्या. पण दुपारी टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना. रिक्षात मी "हे स्वर्गीय बापा" म्हटलं आणि पुढचे शब्दच आठवेनात.

दवाखान्यात सलाईन लागलं. सून एंजेलाने विचारलं, "डॉक्टर, गुटीनंच झालं ना?"

"विषाणू असेल, जंतू असतील. पाणी, बाटली, हात, कशातूनही जातात. तपासलं तरी कुणाकडून आलं ते कळणार नाही. अंगावर पाजत राहा, ओआरएसचं पाणी द्या."

माझा नुसता गोंधळ. पिण्याचं पाणी मी भरते. बाटली एंजेला धुते. बोट रंगुबाईंचं. पण शेजारच्या वृषालीच्या मुलीलाही तेच बोट, आणि ती ठणठणीत! समोरच्या घरातल्या बाळाला गुटी माहीतच नाही, तर तेही आजारी.

आज नोहा घरी आला. तोवर गल्लीत बोभाटा होऊन वृषालीसकट दोन घरांनी रंगुबाईंना बोलावणं बंद केलं होतं. त्या आमच्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"दाक्तरनं माझं नाव घेतलं का?"

"नाही हो."

"म्हंजे मी न्हाई, का त्याला ठावं न्हाई?"

एंजेलाच म्हणाली, "आंघोळ तुम्हीच घाला, मावशी. हात साबणानं धुवा. गुटी मात्र नको."

"नको? तुझ्या नवऱ्याला मीच पाजलीया!"

"तरीच इतकं कडू बोलतात."

रंगुबाईंना हसू फुटलं. कोपरापर्यंत हात धुतले. "झालं, का कातडं बी काढू?" म्हणत पाय पसरून बसल्या. नोहा त्यांच्या पायांवर शांत पडला.

तेवढ्यात वृषाली डोकावली. "काकू, तुम्ही घेतलंत परत? मग मीही बोलावू?"

मी "थांब" म्हणाले, मग "बोलाव" म्हणाले. रंगुबाईंनी मान वर केली नाही, पाणी ओतत राहिल्या. मी बरोबर सांगितलं की नाही, ते प्रभूलाच ठाऊक.