यमुनाचा वर्ग

यमुना निमसे संगणकाशी बोलायची. आता ही सवय पुष्कळांना लागली आहे, पण मी सांगते ते दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, शहापुरात मोजक्याच घरांत इंटरनेट होतं तेव्हाचं. रविवारी दुपारी ती आमच्याकडे यायची आणि आतल्या खोलीत पंख्याखाली बसायची. मोडेमचं ते कर्कश किंचाळणं संपलं की पडद्यावर कुणाचा तरी इंग्रजी मजकूर उमटायचा आणि बाई त्याला मोठ्यानं, थेट किन्हवलीच्या बोलीत उत्तर द्यायची. "अगो, तू येकटी काय काय करशील? त्या पोरींना शिकव, मग सुटशील." हे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या ग्रेस नावाच्या परिचारिकेला. मग पदर खोचून, दोनच बोटांनी, तेच इंग्रजीत टाइप करायची.

मी स्वयंपाकघरात चहा ठेवत हे ऐकायची. घर माझं, टेबल माझं, फोनची लाइन माझी. पण त्या खोलीत जाताना मला दार वाजवावंसं वाटायचं.

आम्ही दोघी किन्हवलीच्या, एकाच वर्गातल्या. शाळेत पहिला नंबर माझा आणि दुसरा यमुनाचा, हे दहावीपर्यंत कधी बदललं नाही, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. निकालाच्या दिवशी माझे गुण ऐकून ती माझ्याआधी माझ्या आईला सांगायला धावायची. पुढे दोघीही डॉक्टर झालो. मी लग्न करून शहापुरात दवाखाना काढला. खाली सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, औषधांचं दुकान. यमुनानं सरकारी नोकरी धरली आणि शेणव्याच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात गेली. लग्न तिनं केलं नाही. आईला घेऊन ती केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहायची. मला तिची थोडी काळजी वाटायची, आणि ती काळजी मला आवडायची. नवीन औषधाची माहिती, चांगलं पुस्तक, जुन्या वर्गमित्रांच्या बातम्या, सगळं माझ्याकडून तिच्याकडे जायचं.

एकदा ठाण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन ती परत आली आणि माझ्या दवाखान्यात येऊन बसली. परदेशातल्या एका विद्यापीठाचा अभ्यासक्रम आहे म्हणाली, जागतिक आरोग्याचा. घरबसल्या, इंटरनेटवरून. निवड झाली तर फी तेच भरतात. तिनं अर्ज केला होता आणि निवडही झाली होती.

"आमच्या केंद्रातला फोन आठवड्यातनं दोनदा मरतो," ती म्हणाली. "रविवारी येऊ का तुज्याकडं?"

मी लगेच ये म्हटलं. देणारी पुन्हा मीच होते.

दर आठवड्याला काहीतरी वाचायला असे आणि एक प्रश्न असे. लहान मुलांना जुलाब का होतात, बाळंतपणात बाया का दगावतात, असे आमच्या रोजच्या परिचयाचे प्रश्न. प्रत्येकानं आपापल्या गावातलं लिहायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. मलावीची ग्रेस होती, पेरूच्या डोंगरातली रोझा नावाची डॉक्टर होती, नेपाळमधला धनबहादूर होता. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. आमच्या लाइनवर एक फोटो उघडायला एवढा वेळ लागायचा की यमुनानं तो नादच सोडला होता. तिनं स्वतःचाही फोटो कधी पाठवला नाही. भारनियमनात दिवे गेले की अर्धवट टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. मी चुकचुकायची. ती म्हणायची, "जाऊ दे. दुसऱ्यांदा लिवताना कमी शब्दांत होतं."

त्या वर्गात तिचा एक प्रश्न प्रसिद्ध झाला होता. तिकडे सगळ्यांचीच रडगाणी असायची, लस ठेवायला फ्रीज नाही, रस्ता नाही, माणसं नाहीत. रोझानं एकदा असं पानभर लिहिलं. बाकीच्यांनी सहानुभूती दाखवली. यमुना पडद्याकडे बघून म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे गो. काय नाय ते कळलं. काय हाय ते सांग." आणि तसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. रोझानं आठवडाभरानं उत्तर दिलं: एक खेचर आहे, शाळेचा एक मास्तर आहे आणि आठवडी बाजार आहे. त्या तिघांच्या जोरावर तिनं लसीकरण कसं उभं केलं, हे यमुना मला चहा पिता पिता सांगत होती. त्या खेचराचं नावसुद्धा तिला माहीत होतं.

माझ्या दवाखान्यात त्या महिन्यात कोण कोण आलं होतं, हे तिनं विचारलं नव्हतं.

एका रविवारी मी सहज म्हटलं की तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आता करून घ्यायला हवं. ती म्हणाली, "झालं की. बुधवारी." तू सांगितलं का नाहीस विचारलं, तर म्हणाली गडबडीत राहून गेलं. आणि मग आत पडद्यावर ग्रेसचा मजकूर आला, त्यात पहिलं वाक्य होतं, आईचा डोळा कसा आहे? मी ते यमुनाच्या खांद्यावरून वाचलं. त्या दिवशी मी चहा केला नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस सकाळीच तिचा फोन आला. ठाकूरवाडीतली एक पोरगी दिवस भरायच्या आत बाळंत झाली होती. मूल दीड किलोच्या आसपास, आणि थंडी कडाक्याची. केंद्राची जीप आधीच एका अडलेल्या बाईला घेऊन गेली होती. मी दवाखाना सोडून गेले. मूल बघितलं आणि म्हटलं, कशानं तरी ठाण्याला हलवू. यमुना म्हणाली, हलवायचंच आहे, पण उघड्या टेम्पोतून नेलं तर हे वाटेतच गार पडेल. जीप येईपर्यंत आपण ह्याला ऊब देऊ.

ग्रेसच्या वॉर्डात अशी मुलं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवत. मीही ते कुठंतरी वाचलं होतं, पण वाचून सोडून दिलं होतं. यमुनानं ग्रेसला विचारून विचारून त्यातलं बारीकसारीक समजून घेतलं होतं, कापड कसं गुंडाळायचं, मान कशी ठेवायची, श्वासाकडे कसं लक्ष द्यायचं. पण ही आई स्वतःच हुडहुडत होती, तिचं रक्त बरंच गेलं होतं. सासू कोपऱ्यात बसून होती. असल्या पोराला हात लावायला ती तयार नव्हती. जगायचं नाही ते, म्हणत होती.

यमुना तिच्यासमोर जमिनीवर बसली. "आजी," ती म्हणाली, "पोरांना गरम ठेवायची पेटी असते मोठ्या दवाखान्यात. ती आमच्याकडं नाय. तुमी हाव."

म्हातारी सरकत बाळाजवळ आली. मग तिनं चोळीची गाठ सोडली.

जीप दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तोपर्यंत ते मूल म्हातारीच्या छातीशी होतं आणि ती जेवायला उठली तेव्हा माझ्या. माझी स्वतःची दोन मुलं झाली, पण कुणाचा श्वास मी इतका जपून ऐकला नव्हता. वाटीनं आणि कापसाच्या बोळ्यानं आईचं दूध थेंबथेंब जात होतं. जीपमधून त्याला ठाण्याला नेलं तेसुद्धा म्हातारीच्या लुगड्यातच. मूल जगलं, आईही सावरली.

पुढच्या रविवारी यमुना आली ती चपला काढून थेट आतल्या खोलीत. मी दारात उभी राहिले. ग्रेसला सगळं लिहून झालं होतं आणि बाई पडद्याकडे पाहून हसत होती.

"माझ्या अंगावर होतं ते पोर," मी म्हटलं. "मीपण होते तिथं."

"तेच तर लिवलंय," ती म्हणाली, आणि मला वाचून दाखवलं. खरंच, त्यात मी होते. डॉक्टर सुनंदा, माझी शाळेपासूनची मैत्रीण, आमच्या वर्गात नेहमी पहिली येणारी. पुढच्याच आठवड्यात ग्रेसनं विचारलं, तुझी ती मैत्रीण कशी आहे? रोझानंही विचारलं. यमुनाला वाटलं मला आनंद होईल. मला एवढंच वाटलं की रोझाचं जसं खेचर, तशी यमुनाची मी.

तिचा अभ्यासक्रम संपला, पण संबंध संपला नाही. विद्यापीठानं तिलाच पुढच्या तुकड्यांना शिकवायला घेतलं. मग मीही अर्ज केला. सुधीरनं विचारलं, आता कशाला, तर मी सांगितलं ज्ञानासाठी. त्यानं दुकानाचा हिशेब पुढे सुरू ठेवला.

मी पहिला निबंध फार मन लावून लिहिला. पुस्तकं काढली, संदर्भ दिले. यमुनाचा शेरा आला, अगदी औपचारिक इंग्रजीत: हे सर्व बरोबर आहे, पण यात शहापूर कुठे आहे? माझ्यापेक्षा जास्त गुण बांगलादेशातल्या एका आरोग्य सेविकेला होते, आणि यमुनानं तिच्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. मला एक ओळ. रविवारी ती नेहमीप्रमाणे जेवायला आली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी मी तिच्या पुढ्यात जरा आपटूनच वाढली. तिनं अर्धी भाकरी संपवली आणि म्हणाली, "इथं पयली नाय आलीस तरी माजं जेवण बंद नको करू गो."

मला हसू आलं, पण राग गेला नाही. पुढचा निबंध मी मात्र आमच्या दवाखान्यात येणाऱ्या नवऱ्यांवर लिहिला. बायकोचं दुखणं तेच कसं सांगतात आणि त्यांना बाहेर बसवायला मी काय काय युक्त्या करते. त्या वेळी तिनं मला तीन परिच्छेद लिहिले. ते मी कितीदा वाचले हे मी तिला सांगितलं नाही.

नंतर तिची बदली मुरबाडला झाली. तिथं तिच्या घरी चांगलं इंटरनेट आलं आणि आमच्याकडचे रविवार थांबले. आतल्या खोलीत सुधीरनं औषधांची खोकी ठेवली. मी तिला फोन केला की कधी कधी तो व्यस्त लागायचा, आणि आता ती कोणत्या देशात असेल असं मनात यायचं.

रक्ताचा कर्करोग झाल्याचं तिनं मला मात्र सगळ्यांत आधी सांगितलं. फोनवर नाही, एसटीनं शहापूरला आली, दवाखान्यात रोग्यांच्या बाकावर नंबर लावून बसली आणि पाळी आल्यावर आत येऊन सांगितलं. त्या वर्गातल्या कुणाला कळवायचं नाही, असंही सांगितलं. कळलं तर ती माणसं अभ्यास सोडून हिचीच चौकशी करत बसतील.

उपचार मुंबईला चालले होते. मधल्या दिवसांत ती मुरबाडला असायची आणि मी जमेल तेव्हा जायची. तिची बोटं बधीर झाली तशी टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. ती भिंतीला टेकून सांगायची, मी लिहायची. कुणा अनोळखी विद्यार्थ्याला हिवतापाबद्दल, कुणाला पाण्याबद्दल. मध्ये थांबून दम घ्यायची. म्हातारी आई दारात बसून दोघींकडे बघत राहायची.

एका दुपारी मला सहन झालं नाही. मी हात आखडून घेतले आणि म्हटलं, "पुरे कर आता. तुझा एकेक तास तू ह्यांना वाटतेयस. ह्यातलं कुणी तुला बघायला येणार आहे का?"

यमुनानं डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली.

"तू येतेस ना," ती म्हणाली. "म्हणून देता येतं."

मग पुढचं वाक्य सांगायला लागली. मी लिहायला लागले.

पावसाळा संपता संपता ती गेली. किन्हवलीतच तिला अग्नी दिला. आई नंतर भावाकडे राहायला गेली. सगळं आटोपल्यावर मी मुरबाडच्या त्या खोलीत जाऊन तिच्या संगणकावरून वर्गाला कळवलं. चारच ओळी लिहिल्या. आजार केव्हापासून होता तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून उत्तरं यायला लागली, ती आठवडाभर येत होती. ज्यांची नावं मला नकाशावर शोधावी लागली असती अशा गावांतून माणसं लिहीत होती. प्रत्येकाला वाटत होतं की यमुना त्याची होती. कुणी तिला बहीण म्हणत होतं, कुणी आई. धनबहादूरनं तिच्या नावानं त्याच्या आरोग्य चौकीपुढे झाड लावलं होतं. मी ते शेवटपर्यंत वाचत गेले. ज्यांनी तिची चिता बघितली नाही त्यांनी इतकं रडावं, हे मला पटत नव्हतं.

सर्वांत शेवटी ग्रेसचा मजकूर आला, फक्त मला. तिनं लिहिलं होतं की यमुना दिसायची कशी, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. ती उंच होती का? चालायची कशी? आवाज कसा होता? तू सांगशील का?

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. एवढं एक माझ्याजवळ होतं, आणि ते पुरवून पुरवून वापरावं असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून बसले आणि लिहिलं. ती बुटकी होती. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. चालताना डावी चप्पल घासायची, त्यामुळे ती जिन्यात असतानाच कळायचं. आवाज जाड, शेतावरून हाक मारल्यासारखा. केस फार लांब होते, ते उपचारात गेले, आणि त्यानंतर ती डोक्याला आईचं जुनं लुगडं फाडून बांधायची. लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं एक पान होईल. चार झाली.

ग्रेसचं उत्तर लवकर आलं. तिनं माझे आभार मानले होते, तो मजकूर तिनं वॉर्डातल्या सगळ्यांना वाचून दाखवला होता. आणि खाली लिहिलं होतं: शहापूरच्या त्या वर्षांत यमुनाचं प्रत्येक पत्र 'मी सुनंदाच्या घरी बसले आहे, चहा येतो आहे' असंच सुरू व्हायचं. मला तुझा इतकी वर्षं फार हेवा वाटायचा.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. खाली दुकानातून सुधीर जेवायला चल म्हणून हाक मारत होता. आले म्हटलं आणि आणखी एकदा वाचलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.