फळ्यावरचा नाच

पालघरहून मनोरला येताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. तिशीची असेल. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर लॅपटॉपची बॅग. बोटांना लागलेला खडू ती सारखा रुमालाने पुसत होती.

"मुलाखतीला गेली होतीस का गं?" मी विचारलं.

"हां मावशी. विद्यापीठात, प्राध्यापकाच्या जागेसाठी. डिजिटल कला शिकवायची."

मला नीट कळलं नाही हे ओळखून तिने मोबाइलवर आपलं काम दाखवलं. बोईसरच्या कारखान्यातून सरावलीला परतणाऱ्या बायकांच्या पावलांचे आवाज होते आणि पावलागणिक काळोखातला रस्ता थोडा उजळत होता. बाई एकही दिसत नव्हती, तरी त्यांचा थकवा मला जाणवला.

"हे बघितलं त्यांनी?"

"अर्धंच. मंग गाव इचारला, आडनावावरून जात वळखली. म्हणाले, 'अरे वा, तुम्ही तर वारली! फळ्यावर तुमच्या चित्रांतला तारपा नाच काढून दाखवा.'"

"मग?"

"काढला. आईसारखा येत नाय मला, पन काढला. त्याच्यासंगती सगल्यांनी फोटो घेतले. नोकरीचा कोनी बोललाच नाय."

तिने रुमालाने पुन्हा बोटं पुसली.

मनोरच्या स्टँडवर तिचे वडील उभे होते. त्यांनी लांबूनच विचारलं, "काय झाला गो?"

"सगल्यांनी टाल्या वाजवल्या, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. पोरीला नोकरी लागली असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी तिची बॅग खांद्यावर घेतली आणि ती त्यांच्या मागून चालू लागली.