डोलणारं केंद्र

प्रयोगशाळेत तिला सगळे नासपतीबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. काही जड अणूंचं केंद्र गोल नसून नासपतीसारखं एका अंगाने फुगलेलं असतं, असं ती तरुणपणापासून ठासून सांगत आली होती. तिचे सर म्हणत, तसं काही नाही. ते नुसतं डोलतं, क्षणात इकडे फुगतं, क्षणात तिकडे. यावरून दोघांची भर सभेत जुंपली आणि पुढे बोलणंच तुटलं.

सोक्षमोक्ष लावायला ते अणू हाती तरी लागायला हवेत. ते यंत्रातच तयार करावे लागतात आणि थोड्याच वेळात विरून जातात. म्हणून तयार होताच ते वेगाने धातूच्या पातळ पत्र्यावर सोडायचे. तिथल्या अणूंजवळून जाताना केंद्राला हिसका बसतो, त्यातून गॅमा किरण निघतात, आणि त्या किरणांवरून आकार ताडायचा. एवढं करायला यंत्र मिळेपर्यंत वर्षं गेली. सोबतचे एकेक करून दुसऱ्या कामांना लागले. ताई फोनवर विचारायची, सापडला का गं आकार? पुढे तीही विचारेनाशी झाली.

अखेर मोजमाप झालं. आकडे तिने पुन्हा पुन्हा तपासले. केंद्र डोलत होतं.

लेख छापायला देण्याआधी ती सरांकडे गेली. सर आता एकटेच राहत. खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. तो उचलून त्यांनी तिला बसायला जागा केली.

"सर, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली.

सरांनी सांगितलं, निवृत्तीनंतर सगळं गणित नव्याने मांडलं, तेव्हा त्यांना तिचंच म्हणणं पटलं होतं.

"कळवायचं होतं गं तुला. पण म्हटलं, आता कुठल्या तोंडाने फोन करू?"

आपल्या बाजूचं कुणीच नाही असं धरून ती इतकी वर्षं राबली होती, आणि एक माणूस होता. तोही तिच्यासारखाच चुकलेला.

त्यानंतरही ती अधूनमधून जात राहिली. पण वाद मिटला होता, आणि त्याखेरीज दोघांत बोलण्यासारखं फारसं काही नव्हतंच. सर गुडघेदुखीचं सांगत. ती ऐकून घेई, आणि चहा संपला की निघे.